घरची पेटी आणि दाराबाहेरची पेटी

(मंडळाच्या गणेशोत्सवात सदस्यांच्या छंदांविषयी झालेल्या कार्यक्रमातील भाषण. काही सदस्यांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



मंडळात मला बहुतेकजण ओळखतात ते स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात बसणारे 'कीबोर्डवाले काका' म्हणून. वाजवणाऱ्या माणसाला बोलायची सवय नसते. वाजवताना चूक झाली तर तबलजी जरा जोरात वाजवून सांभाळून घेतो. ती सोय आज नाही. तेव्हा आपणच सांभाळून घ्यावे ही विनंती.

मागच्या वर्षी उत्सवाच्या तयारीची एक बैठक आमच्या घरी होती. चहा होईपर्यंत एक वहिनी आतल्या खोलीत डोकावल्या. या खोलीला मी 'स्टुडिओ' म्हणतो आणि आमच्या सौ. 'अडगळ' म्हणतात. तिथे भिंतीशी एक लांबलचक कीबोर्ड आणि दाराजवळ बॅगेत उभा करून ठेवलेला दुसरा, असे दोन त्यांना दिसले. त्यांनी सरळ विचारले, "भावजी, दोन कशाला? एक बिघडलाय का?" सौ.नी स्वयंपाकघरातूनच उत्तर दिले, "नाही हो, एक माझी सवत आणि दुसरी तिची बहीण!" सगळे हसले, चहा आला, वर्गणीचा विषय निघाला आणि प्रश्न तसाच राहिला. आज त्याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे ठरवून आलो आहे.

आधी सरळ व्यवहाराचे कारण सांगतो. घरचा कीबोर्ड ८८ पट्ट्यांचा आहे. त्याच्या पट्ट्या पियानोसारख्या जड आहेत आणि वजन वीस किलोच्या पुढे. दुसरा ६१ पट्ट्यांचा, सहा-सात किलोचा. दिल्लीच्या ऑटोत ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड दोन गुडघ्यांच्या मध्ये उभा धरून नेता येतो. ८८ पट्ट्यांचा बाहेर डोकावतो आणि ऑटोवाला म्हणतो, "भाईसाहब, टेम्पो कर लो." पूर्वी पहाडगंजला किंवा करोलबागेत कार्यक्रमाला जायचे म्हणजे हाच मोठा प्रश्न असे. आता मेट्रो आली, पण वीस किलोचे धूड घेऊन मेट्रोत चढणे माझ्या वयात शोभत नाही.

वजनापेक्षा मोठा फरक आवाजात आहे. घरी हेडफोन लावून मी तासभर खपून पियानोचा एक सुंदर टोन बसवला होता. वरचे सूर उजव्या कानात, खालचे डाव्या कानात आणि मागे मोठ्या सभागृहात घुमावा तसा घुमारा. मंडपात तोच टोन लावला. मंडपातले भोंगे बहुधा सगळे एकाच वाहिनीवर चालतात. डावा-उजवा आवाज एकात मिसळला की त्यातले काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि पियानो पोकळ वाटू लागतो. त्यात माझा घुमारा, त्यावर मंडपाचा घुमारा. पहिल्या रांगेतले एक आजोबा मध्यंतरात येऊन म्हणाले, "आज वाजवत नव्हतात का?" तेव्हापासून कानाला खूणगाठ बांधली. घरी जे भरदार वाटते ते मंडपात बुडते आणि मंडपात जे नीट पोचते ते घरी रेकॉर्डिंगमध्ये ऐकले तर ओबडधोबड वाटते. एकाच वाद्यावर दोन्ही प्रकारचे टोन बसवता येतात हे खरे, पण दर कार्यक्रमाआधी मोड आणि नंतर पुन्हा जोड असे होते.

मंडपातल्या कीबोर्डकडून अपेक्षाही वेगळ्या असतात. गायिका ऐनवेळी सांगते, "काका, घसा बसलाय, काळी चारऐवजी काळी तीन घ्या." तिथे एका बटणाने सगळे सूर खाली आले पाहिजेत. मध्येच लाइट गेली आणि जनरेटर सुरू झाला की वाद्य दहा सेकंदांत पुन्हा बोलते झाले पाहिजे. संगणकाला तेवढ्यात जागसुद्धा येत नाही. बासरीनंतर लगेच व्हायोलिन हवे असेल तर बटण अंधारातही बोटाला सापडले पाहिजे. घरच्या वाद्याकडून यातले काहीच नको असते. तिथे हवी ती शांतता, पट्टीचा नाजूक प्रतिसाद आणि संगणकाशी नीट जुळणारे तारांचे नाते.

मंडळी, ही दोन वाद्यांची रीत आपल्याकडे मुळीच नवी नाही. हार्मोनियम आली युरोपातून. फ्रान्समध्ये ती पायाने भाता मारायची मोठी पेटी होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताच्या भात्याची, जमिनीवर मांडी घालून वाजवायची पेटी केली आणि ती देशभर पसरली. आपल्या संगीत नाटकांत मात्र ऑर्गनने ठाण मांडले. पायाने हवा भरायची, त्यामुळे दोन्ही हात मोकळे, सूर भरदार आणि लांबवर पोचणारा. बालगंधर्वांच्या नाटकांची आठवण ज्यांच्या घरात सांगितली जाते, त्यांना ऑर्गनचा सूर वेगळा सांगायला नको. मैफलीत मात्र हातपेटीच लागे. पं. तुळशीदास बोरकरांसारखे वादक, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, पेटीही वाजवत आणि ऑर्गनही. नाटकाला एक वाद्य, मैफलीला दुसरे, याचे कोणाला नवल वाटत नव्हते.

दिल्लीकरांसाठी तर याहून जवळचे उदाहरण आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. पेटीचे सूर ठरलेले, त्यात मींड नाही, श्रुतींचे बारकावे नाहीत, म्हणून ती भारतीय संगीताला योग्य नाही असा विचार त्यामागे होता. रवींद्रनाथ ठाकुरांनाही पेटी आवडत नसे. ही बंदी १९७१ मध्ये काही अटींवर सैल झाली. म्हणजे मधली तीस वर्षे गवई संध्याकाळी मैफलीत पेटीच्या साथीने गात आणि दुसऱ्या दिवशी संसद मार्गावरच्या आकाशवाणीत गेले की साथीला सारंगी. स्टुडिओला एक साथ आणि मंडपाला दुसरी, हे सरकारी हुकुमानेच चालले होते! पेटीवाल्यांवर तो अन्यायच होता, पण स्टुडिओचा कान आणि मंडपाचा कान वेगळा असतो एवढे त्यातून कळते.

आमच्या विजेच्या वाद्यांचाही इतिहास तसाच आहे. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांचे १९६० च्या दशकातले सिंथेसायझर म्हणजे तारांनी भरलेली कपाटेच होती. ती स्टुडिओत ठेवायची. ते घेऊन फिरता येईना, म्हणून १९७० मध्ये 'मिनिमूग' निघाला. त्यावर एका वेळी एकच सूर वाजे, पण तो काखोटीला मारून नेता येई. मुंबईच्या चित्रपट संगीतात तो केर्सी लॉर्ड यांनी त्याच दशकात आणला. पुढे १९८३ साल आले. त्या वर्षी यामाहाचा 'डीएक्स ७' आला आणि त्याच वर्षी 'मिडी' नावाची पद्धत सुरू झाली, जिच्यामुळे एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू लागले. या मिडीचा उल्लेख मी मुद्दाम केला. पुढे त्याचे काम आहे.

आता घरचे सांगतो. मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीतून शाळेत जाणारा. तिथे भोपळे वाळत घातलेले आणि तंबोऱ्याला जवारी काढत बसलेले कारागीर रोज दिसत. आमचे वडील, म्हणजे अण्णा, नोकरी सांभाळून भजनी मंडळात पेटी वाजवत. त्यांच्याकडे दोन पेट्या होत्या. एक जर्मन सुरांची. ती घरात, खिडकीपासून दूर, लाकडी पेटाऱ्यावर. दुसरी पालिताण्याच्या सुरांची, साधी, कोपरे झिजलेली. हरिनाम सप्ताह असो, कुणाकडे भजन असो, ती दुसरी जायची. घरचीला 'घरची' म्हणत आणि दुसरीला 'दाराबाहेरची'. जर्मन सुरांची पेटी त्यांनी कधी उंबऱ्याबाहेर नेली नाही. लहानपणी मला वाटे, अण्णा कंजूष आहेत. चांगली वस्तू लोकांना ऐकवत नाहीत.

नोकरीच्या निमित्ताने मी १९९३ मध्ये दिल्लीला आलो आणि मयूर विहारला स्थिरावलो. काही वर्षांनी पैसे साठवून एक कीबोर्ड घेतला. तेव्हाच्या मानाने तो उत्तम होता. त्यात गाणे साठवायची सोय होती आणि साठवलेले फ्लॉपीवर उतरवून ठेवता येई. घरात तोच, आरतीला तोच, नोएडाच्या फिल्म सिटीत एखाद्या छोट्या रेकॉर्डिंगला बोलावले तर तोच. एकच वाद्य आणि सगळीकडे मिरवणे, असे माझे चालले होते.

डिसेंबर २००२ मध्ये अण्णा गोवा एक्सप्रेसने निझामुद्दीनला उतरले आणि दोन महिने आमच्याकडे राहिले. दिल्लीच्या थंडीत बाहेर पडवेना म्हणून त्यांना मी कीबोर्डसमोर बसवले. पेटीचा टोन लावून दिला. त्यांनी उजवा हात पट्ट्यांवर ठेवला आणि डावा हात आपसूक पाठीमागे गेला, भाता शोधायला! तिथे भाता नाही म्हटल्यावर हसून म्हणाले, "अरे, ही पेटी श्वासच घेत नाही की!" दोन-चार दिवसांनी सवय झाली. डाव्या हाताला काम हवे म्हणून ते कडेच्या पत्र्यावर बोटाने ताल धरू लागले. मग रोज दुपारी अर्धा-पाऊण तास ते वाजवत आणि मी ते कीबोर्डमध्ये साठवून घेत असे. भजनी मंडळातल्या चाली, त्यांच्या गुरूंकडून आलेल्या जागा, सगळे.

इथे मिडीचे काम येते. कीबोर्डमध्ये आवाज साठत नव्हता. प्रत्येक पट्टीखाली दोन लहान स्पर्शबिंदू असतात. बोटाने पट्टी दाबली की आधी एक आणि मग दुसरा जुळतो आणि मधल्या वेळेवरून बोटाचा वेग कळतो. तो एक ते एकशेसत्तावीस अशा आकड्यांत लिहिला जातो. कोणती पट्टी, किती वेगाने, केव्हा दाबली आणि केव्हा सोडली, एवढेच साठते. त्यामुळे तासन्‌तासांचे वादन एका फ्लॉपीत मावते. आणि ते पुन्हा लावले की कीबोर्ड अगदी तसाच वाजतो, जणू तो माणूस समोर बसला आहे. अण्णांचा आवाज त्यात नव्हता. त्यांची बोटे होती.

अण्णा फेब्रुवारीत परत गेले आणि जूनमध्ये मिरजेला वारले.

त्या वर्षी गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. उत्सवात मी नेहमीप्रमाणे कीबोर्ड घेऊन आलो. फ्लॉपी कीबोर्डच्या खाचेतच होती. घरी रात्री तीच लावून ऐकायचो, तिथेच राहिली. उत्सवाच्या शेवटच्या दिवसांत एका संध्याकाळी धो-धो पाऊस आला. लाइट गेली, जनरेटर सुरू झाला, बंद पडला, पुन्हा झटक्याने सुरू झाला. माझ्या समोरचा पडदा एकदा उजळला आणि विझला. वरच्या ताडपत्रीत पाणी साचले होते, ते त्याच सुमारास एका कडेने खाली आले. आम्ही चौघांनी कीबोर्ड उचलून बाजूला नेला, टॉवेलने पुसला. त्या रात्री आरती टाळ्यांवर झाली. कीबोर्ड पुढे दुरुस्तीलाही नेला, पण आतला मुख्य भाग जळला होता. फ्लॉपी वाळवून दोन-तीन संगणकांवर लावून पाहिली. एकाही संगणकाने ती वाचली नाही.

यात ना टेंटवाल्याचा दोष, ना पावसाचा. दुसरी फ्लॉपी तेव्हा दहा-पंधरा रुपयांना मिळत होती. प्रत काढायला पाच मिनिटे लागली असती. आठ महिन्यांत मला ती पाच मिनिटे मिळाली नाहीत. बरे, प्रत राहू द्या. निघताना ती फ्लॉपी खाचेतून काढून टेबलावर ठेवली असती तरी पुरे होते. घरचे आणि दाराबाहेरचे मी एकाच वाद्यात ठेवले होते. अण्णांनी जन्मभर जे केले ते मला कंजूषपणा वाटले होते. त्याचा अर्थ त्या रात्री कळला. पेटी बाहेर नेली म्हणजे ती पडणार, भिजणार, कुणीतरी त्यावर ताटली ठेवणार. ते सोसायला तयार असाल तीच वस्तू बाहेर न्यावी. भरून न येणारी वस्तू घरी राहावी.

तर वहिनींच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे असे आहे. पुढच्या दोन वर्षांत मी आधी एक साधा, वापरलेला कीबोर्ड घेतला, मंडपासाठी. आणि मग पैसे जमतील तसा घरचा.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण मी दुसरी चूक केली. घरच्या कीबोर्डला मी इतका जपू लागलो की त्याला कोणी हात लावायचा नाही असा नियमच झाला. तो काळ आठवा. २००८-०९ मध्ये झी मराठीवर 'सारेगमप लिटल चॅम्प्स' चालू होते. सत्यजित प्रभू दोन कीबोर्ड लावून वाजवताना दिसायचे आणि घरोघरी मुलांना कीबोर्ड शिकायचा होता. आमची मुलगीही त्यातलीच. तिला मी दाराबाहेरचा कीबोर्ड दिला. एकदा ती मला म्हणाली, "बाबा, हा मोठा कीबोर्ड म्हणजे आजोबांचा फोटो आहे का? नुसता पुसायचा?" मी गप्प बसलो. कारण अण्णा घरची पेटी बाहेर नेत नसत, पण रोज पहाटे ती वाजवत. ते म्हणायचे, "न वाजवलेली पेटी आधी बिघडते." पेटीच्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे. भात्याचे कातडे कडक होते, पावसाळ्यात पट्ट्या धरतात, उंदीर आतली लोकर नेतात. जपणे म्हणजे बंद करून ठेवणे नव्हे, एवढे मी त्यांच्याकडून उचललेच नव्हते.

विजेच्या वाद्यालाही तेच लागू आहे, याचा अनुभव पुढे आला. २०२० मध्ये महामारीमुळे उत्सव घरातूनच झाला. दाराबाहेरचा कीबोर्ड बॅगेत राहिला तो दीड-दोन वर्षे. उघडला तेव्हा सात पट्ट्या मुक्या होत्या. आतल्या रबराच्या स्पर्शबिंदूंवर धूळ आणि दमट हवेचा थर बसला होता. घरचा मात्र रोज वाजत होता, त्याला काही झाले नव्हते. तोपर्यंत त्यावर मुलीचाही तितकाच हक्क झाला होता हे सांगायला आनंद वाटतो.

ती आता बंगळूरला असते. तिच्याकडे लॅपटॉप आणि हातभर लांबीची पंचवीस पट्ट्यांची फळी आहे. दोन्ही एका पिशवीत बसतात. तेच घेऊन ती कार्यक्रमाला जाते, त्यावरच रेकॉर्डिंग करते. मी म्हटले, "आणि हे भिजले तर?" तिने शांतपणे सांगितले की तिच्या प्रत्येक गाण्याच्या तीन प्रती आहेत, एक लॅपटॉपवर, एक घरच्या डिस्कवर आणि एक इंटरनेटवर. म्हणजे तिची घरची पेटी घरीच असते. फक्त ती लाकडाची नाही. मला तिचे पटले. दोन कीबोर्ड प्रत्येकाने घ्यावेत असा माझा मुळीच आग्रह नाही. ज्यांना एकच परवडतो त्यांनी आधी मंडपाचा, हलका आणि मजबूत घ्यावा, कारण माणसांत वाजवल्याशिवाय हात तयार होत नाही. पण घरचे काय आणि बाहेरचे काय, ही वाटणी मनात पक्की असावी.

नव्याने वाजवू लागलेल्या मुलांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. मंडपात आधी जनरेटर सुरू होऊ द्या, मग आपला कीबोर्ड लावा. बंद करताना आपला आधी. ॲडाप्टर एक जादा ठेवा, ऐनवेळी तोच हरवतो. साउंडवाल्याला एकच जॅक द्यायचा असेल तर 'मोनो' लिहिलेल्या खाचेतून द्या आणि टोनचा घुमारा निम्म्यावर आणा. एक मोठी प्लॅस्टिकची चादर बॅगेतच असू द्या. मे-जूनमध्ये कीबोर्ड बंद गाडीत उन्हात ठेवू नका. आणि जुना कीबोर्ड वापरत असाल तर एक ध्यानात ठेवा, त्यातल्या आठवणी बऱ्याचदा रुपयाएवढ्या एका बॅटरीवर जगतात. ती संपली की तुम्ही बसवलेले सगळे टोन एका रात्रीत जातात. ती वेळेवर बदलून घ्या.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवतो आणि थांबतो.

पहिली सूचना. मंडळाने स्वतःचा एक 'दाराबाहेरचा' कीबोर्ड घ्यावा. साधा, ६१ पट्ट्यांचा चालेल. आज मुले आपापल्या घरून नवे कीबोर्ड आणतात आणि आयांचा जीव अर्धा मुलात, अर्धा कीबोर्डात असतो. मंडळाचा असेल तर पाऊस आला तरी मुले निर्धास्त वाजवतील. वर्षभर तो बॅगेत पडू नये म्हणून पाळीपाळीने एकेका मुलाच्या घरी राहावा. माझ्याकडून त्यासाठीची पहिली वर्गणी मी आजच खजिनदारांकडे देत आहे.

दुसरी सूचना पैशांची नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील गावी आहेत. काहींचे इथे येऊन राहिले आहेत. कुणाला जात्यावरच्या ओव्या येतात, कुणाला जुन्या चालीची आरती येते, कुणी पेटी वाजवते, कुणी नुसते छान बोलते. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. या उत्सवात एक संध्याकाळ त्यांच्यासाठी ठेवू. त्यांचे ध्वनिमुद्रण करू आणि त्याच रात्री झोपण्यापूर्वी त्याची दुसरी प्रत काढून दुसऱ्याच्या घरी ठेवू. ते प्रत काढायचे काम माझ्याकडे द्या. मी उशीर करणार नाही.

आरतीच्या शेवटी मी एक सूर किंचित जास्त धरून ठेवतो, हे आपल्यातल्या काहींच्या लक्षात आले आहे. एकदोघांनी ती चूक म्हणून दाखवूनही दिली. ती अण्णांची सवय आहे. सप्ताहात गजर संपला तरी ते सूर लगेच सोडत नसत, भात्यातली हवा संपेपर्यंत धरून ठेवत. माझ्या कीबोर्डला भाता नाही, म्हणून मी अंदाजाने सोडतो. फ्लॉपी गेली, पण एवढे हातात राहिले आहे.

आता आरतीची वेळ झाली; मी आपल्या कोपऱ्यात जातो.

गणपती बाप्पा मोरया!